खेळण्यांचा खेळखंडोबा

आमच्या लहानपणी मुलांचा विकास होत नसे. मुले नुसतीच वाढत. लाकडी खुळखुळा चावता चावता दात येत, पांगुळगाडा ढकलता ढकलता पाय फुटत, आणि स्वयंपाकघरातल्या कुठल्या डब्याला कुठले झाकण बसते या संशोधनात अर्धा दिवस निघून जाई. याला ‘हस्त-नेत्र समन्वय’ म्हणतात हे आईला ठाऊक असते, तर पाठीत धपाटा घालण्यापूर्वी तिने थोडा विचार केला असता.

आता आमच्या घरी चौदा महिन्यांचा नातू आहे आणि त्याचा विकास चालू आहे. घरात पाऊल टाकायला जागा नाही, इतका चालू आहे. मागल्या महिन्यात चिरंजिवांनी एक हत्ती आणला. खोक्यावर हत्तीच्या अंगच्या सोळा गुणांची यादी होती. नोकरीच्या अर्जात माझे मोजून तीन होते! पोट दाबले की हा हत्ती इंग्रजीत दहापर्यंत आकडे म्हणतो, रंगांची नावे सांगतो आणि शेवटी स्वतःच स्वतःला शाबासकी देतो.

“केवढ्याला रे?” मी विचारले.

“बाबा, किंमत काय बघता? ब्रेन डेव्हलपमेंटचा प्रश्न आहे!”

नातवाने हत्ती बाजूला सारला आणि तो खोक्यात जाऊन बसला. पोरगे अडाणी निघाले, असे समजू नका. अमेरिकेत रॉचेस्टर गावी नामांकित खेळण्यांचे एक सन्मान-दालन आहे. तिथे 2005 साली पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्याला आणि 2008 साली साध्या काठीला मानाची जागा मिळाली. म्हणजे आमचा नातू जाणकारच म्हणायचा.

माझे भांडण हत्तीशी नाही. त्याच्या बोलण्याशी आहे. खेळणे बोलू लागले की माणसे गप्प बसतात. 2016 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा ते सोळा महिन्यांची बाळे आणि त्यांचे आईबाप घरात खेळताना काय बोलतात, हे त्यात टिपले होते. बॅटरीवर बोलणारी खेळणी असली की आईबाप कमी बोलले, साधी खेळणी असली की जास्त आणि चित्रांची पुस्तके असली की सर्वांत जास्त. अभ्यासात जोड्या 26च होत्या, हे मान्य. सत्ताविसावी आमची धरा. कारण हत्ती आला त्या आठवड्यात मी तीन-तीन वर्तमानपत्रे अग्रलेखासकट वाचून काढली. नातू हत्तीपाशी ‘शिकत’ होता ना!

हे सांगायला अमेरिकाच कशाला हवी? 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, खडे, पाने, बिया असल्या गावच्या ऐवजावर बालवाडी चालवून दाखवली. फरक एवढाच, की शिंपल्यांसमोर कुणीतरी जिवंत माणूस बसलेले असे. (तान्ह्यांच्या हाती मात्र तोंडात मावेल अशी वस्तू तीन वर्षे देऊ नये. चिंचोका घशात अडकला की जिवाशी गाठ!)

गेल्या रविवारी मी आरामखुर्चीत पेपर वाचत होतो. नातू धरून धरून आला, माझ्या पोटावर बोट दाबले आणि तोंडाकडे बघत उभा राहिला. मी काहीच बोललो नाही. त्याने पुन्हा दाबले. मग दोन्ही हातांनी दाबले. शेवटी, आजोबांच्या बॅटऱ्या संपल्या असे समजून तो मुकाट्याने वळला.

खरे सांगतो, पोटापेक्षा जरा वरच कुठेतरी दुखले.

पेपर टाकला. गुडघ्यांची परवानगी न घेता खाली बसलो. स्टीलचे पातेले चेंडूवर पालथे घातले आणि म्हणालो, “कुठं गेला चेंडू?” त्याने पातेले उचलले आणि असा खिदळला की सूनबाई बाहेर धावत आल्या. तो प्रयोग आम्ही चाळीस वेळा केला. एकूण खर्च शून्य. माझी कंबर सोडून.

हत्ती हल्ली बोलत नाही.

“बिघडला वाटतं,” चिरंजीव म्हणाले.

“हो ना! कसल्या वस्तू निघतात हल्ली,” मी म्हणालो. बॅटऱ्या माझ्या ट्रांझिस्टरमध्ये छान चालतात.