लघुचित्रांचें लाघव

एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा लग्नसमारंभाच्या छायाचित्रांची यादी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उघडली, म्हणजे लहान लहान चित्रांच्या ओळी क्षणार्धांत समोर येतात. त्यांतील प्रत्येक चित्र मुळांत बरेंच मोठें असतें. आपणांस दिसते ती, दूर कोठें तरी असलेल्या सर्व्हर नांवाच्या संगणकानें तयार केलेली, त्याची लहान प्रत होय. हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. आणि तें जलद कसें करितात हें पाहूं गेल्यास एक जुनेंच तत्त्व नव्या वेषांत भेटतें.

प्रथम हिशेब पाहूं. ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच अशा छायाचित्रांत १ कोटि २० लक्ष ठिपके असतात. तांबडा, हिरवा व निळा या रंगांसाठीं दर ठिपक्यास तीन बाइट लागतात. म्हणजे सारें चित्र उलगडून मांडावयाचें तर संगणकाच्या स्मृतींत ३ कोटि ६० लक्ष बाइट जागा हवी. शंभर वाचकांनीं एकाच वेळीं अशीं शंभर चित्रें मागितलीं, तर ३६० कोटि! यादींतील लघुचित्रास मात्र २०० गुणिले १५०, म्हणजे अवघे ३०,००० ठिपके पुरतात. चिमूटभर मिठासाठीं सारें मिठागर उपसण्यासारखेंच हें झालें.

उतावळ्या माणसास सुचणारा उपाय असा कीं, दर वीस ठिपक्यांतून एक उचलावा व बाकीचे टाकून द्यावे. काम झटपट होतें खरें. परंतु चित्र बिघडतें. पोथीचें पान वाचण्याजोग्या आकारावर आणतांना हीच युक्ति योजिली, तर शिरोरेषा मध्येंच तुटतात आणि बारीक अनुस्वार लोपतात. चिंता आणि चिता यांत एका बिंदूचेंच अंतर, हें आपण बाळपणापासून ऐकत आलों आहों. तो बिंदुच जर घाईंत गळाला, तर असल्या वेगाचा उपयोग काय?

खरा मार्ग चित्राच्या घडणींतच सांपडतो. १९९२ सालीं मान्य झालेल्या जेपेग पद्धतींत चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात व प्रत्येक चौकोनांतील ६४ अंकांचें रूपांतर दुसऱ्या ६४ अंकांत करितात. त्यांतील पहिला अंक त्या चौकोनाची सरासरी छटा सांगतो. पुढील अंक उत्तरोत्तर सूक्ष्म बारकावे सांगतात. या रूपांतराचें गणित नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. पैकीं नासिर अहमद हे जन्मानें बंगळूरचे. आतां चित्र अष्टमांश करणें असेल, तर प्रत्येक चौकोनाचा पहिला अंक तेवढा घ्यावा. चौकोनाचा एक ठिपका झाला! आपलें मोठें चित्र अशा रीतीनें उलगडतांनाच ५०० गुणिले ३७५ होतें आणि स्मृतींतील जागा चौसष्टांशावर येते. तेथून पुढें २०० गुणिले १५० पर्यंतचा लहानसा प्रवास, शेजारच्या ठिपक्यांची योग्य सरासरी घेत, सावकाश करावा. फाइलींतील सांकेतिक अंक मुळापासून वाचावेच लागतात. म्हणून वेळही चौसष्टपट वांचतो असें नव्हे. तथापि अवजड गणित पुष्कळच टळतें.

दुसरी युक्ति, सारें चित्र एकदम न मांडतां पट्टया-पट्टयांनीं काम करण्याची. लिबव्हिप्स नांवाचें सॉफ्टवेअर असेंच चालतें. चित्रसंग्रहालयांतील तैलचित्रांच्या अतिविशाल प्रतिमांसाठीं युरोपांत १९८९ सालीं सुरू झालेल्या एका प्रकल्पांत त्याचें मूळ आहे.

तिसरी युक्ति सर्वांत साधी: एकदां केलेलें लघुचित्र जपून ठेवावें. पाणिनीच्या सूत्रांत एकदां उच्चारलेलें पद अनुवृत्तीनें पुढील सूत्रांत चालत येतें, तद्वत् एकाच्या मागणीवरून झालेलें काम पुढच्या हजारांस उपयोगी पडतें. मात्र आकार मोजकेच ठरवावे. वाटेल त्या आकाराची मुभा दिल्यास एखादा खोडसाळ मनुष्य हजार आकार मागून सर्व्हरास दमवील. आणि मूळ चित्र बदललें, तर नव्या प्रतीस नवें नांव द्यावें. नाहीं तर वाचकांस जुनेंच चित्र दिसत राहील.

व्याकरणकारांस अर्ध्या मात्रेची बचत पुत्रजन्माइतकी आनंददायक वाटे, अशी प्रसिद्धि आहे. तथापि त्यांनीं अर्थाची बचत कधीं केली नाहीं. लाघव आणि घाई यांतील भेद तो हाच: लाघव अनावश्यक श्रम टाकतें, घाई आवश्यक बिंदु टाकते.

म्हणून घरांतील जुनीं पत्रें, पोथ्या व छायाचित्रें कोणास प्रसिद्धीसाठीं द्यावयाचीं झाल्यास मोठी मूळ प्रत आपल्याजवळ जपून ठेवावी. मोठ्याचें लहान केव्हांही होतें. परंतु गळालेला बिंदु लहान प्रत पुन्हां कितीही ताणली तरी परत येत नाहीं.