अंगण क्वचितच वाकडे असते

मंडळी, 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. पण तिचा अगदी नेमका प्रत्यय आला तो अमेरिकेतल्या रायफलवाल्यांच्या एका छंदात. हसू नका, सांगतो.

रायफलीची काडतुसे घरी भरण्याचा नाद तिकडे पुष्कळांना आहे. हँडलोडिंग म्हणतात त्याला. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय हे चालत नाही, तेव्हा इथल्या भाचरांनी मनात काही आणू नये!) झाडलेली पितळी पुंगळी साफ करायची, पुन्हा मापात आणायची, बुडाला नवी टोपी म्हणजे प्रायमर बसवायची, दारू मोजून घालायची आणि वर गोळी. टेक्सासमधल्या माझ्या भाच्याची काही काडतुसे उडेनात. चाप ओढला की नुसतं 'टक्'. लगेच निदान तयार: "मामा, टोप्यांचा डबाच खराब आलाय."

बंदुकीशी माझा संबंध कॉलेजातल्या एनसीसीपुरता. पण त्याने पाठवलेलं पुस्तक शब्दकोश जवळ घेऊन वाचून काढलं, आणि माझं ठाम मत झालं की टोपीवर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी.

टोपी म्हणजे धातूची इवलीशी वाटी. तिच्यात ठोक्याने पेटणारं रसायन आणि एक चिमुकली ऐरण. फायरिंग पिन आदळली की रसायन दोहोंमध्ये चिरडतं आणि ज्वाळा दारूपर्यंत जाते. ठोक्याने बार पेटवण्याच्या युक्तीचं पेटंट १८०७ साली स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्र्याने घेतलं. एवढी वर्षं घासूनपुसून झालेली ही वस्तू कारखान्यातून सहसा चांगलीच येते. दगा देतो तो बहुधा आपला हात.

आता खुणा पाहा. पहिल्या ठोक्याला न उडालेलं काडतूस दुसऱ्याला उडालं, तर लोक म्हणतात टोपी कडक आहे. पुष्कळदा ती खळग्याच्या तळाला टेकलेलीच नसते! पहिल्या ठोक्याचा जोर तिला आत ढकलण्यात जातो, दुसरा तिला पेटवतो. खळग्यात जुनी काजळी राहिली की असं होतं. टोपी पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत हवी.

टोपीवरची खूण उथळ असेल तर रायफलीकडे पाहावं. बोल्टमधलं ग्रीस घट्ट झालं असेल, स्प्रिंग थकली असेल. किंवा मापात आणताना पुंगळीचा खांदा जास्त मागे दाबला गेला असेल. मग काडतूस पिनेपासून दूर सरकतं. खूण चांगली खोल आणि तरी बार नाही, तेव्हा टोपीकडे वळावं. त्यातही तिला तेल किंवा ओल लागली होती का, हे आधी विचारावं.

भाच्याला मी एवढंच लिहिलं, एका वेळी एकच गोष्ट बदल. दुकानातली तयार काडतुसं त्याच रायफलीत बिनचूक उडतात का, एवढं पाहिलंस तरी अर्धा प्रश्न सुटेल. उडाली. मग खळगे घासून साफ केले, आणि तोच 'खराब' डबा शेवटपर्यंत वापरला पठ्ठ्याने.

पण हा नुसता तर्काचा खेळ नाही, म्हणून तर लिहायला बसलो. 'टक्' झाल्यावर नळी निशाणाकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं असतं, कारण बार कधीकधी उशिरा उडतो. टोपीला शिव्या घालत लगेच बोल्ट उघडणाऱ्याच्या तोंडाशीच तो उडू शकतो. आणि 'टक्'ऐवजी 'फुस्स' झालं तर पुढची गोळी झाडायचीच नाही. टोपी पेटली पण दारू नव्हती, असं असलं तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सोडली की नळी फुटते. तेव्हा आधी रायफल रिकामी करून नळी तपासायची.

एकदा खापर दुसऱ्यावर फोडलं की माणूस बघायचं थांबतो, असं मला फार वाटतं. इतर ठिकाणी त्याने वेळ वाया जातो, इथे डोळे आणि बोटं जातात. ते ३० सेकंद नुसते वाट पाहण्यात घालवू नयेत. आपण काय काय केलं ते मनात उजळावं.

असो. तुमच्या कामात असं 'टक्' झालं की पहिला संशय तुम्ही कोणावर घेता? जरूर लिहा.