गंजविलेला बिचवा

आमच्या चोपड्यातल्या एका लोहाराने गेल्या वर्षी बिचवा घडविला. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा त्याने भट्टीत लालबुंद केला, घणाखाली ओढून निमुळता केला, पात्याला नागमोडी दुहेरी बाक दिला, तेलात विझवून पाणी दिले आणि मग पाते ठिसूळ राहू नये म्हणून मंद आचेवर उतरविले. चार दिवस कानस चालली. चित्र आणि मापे माझी. तेव्हा माझ्या कौतुकात थोडा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करतो.

गिऱ्हाईक आले, पाहिले आणि नाक मुरडले. ‘फार नवा दिसतो!’ मग मीठ-नवसागर चोळून तो बिचवा आठ दिवस ओल्या मातीत पुरला गेला. उकरला तेव्हा तो एकदम साडेतीनशे वर्षांचा झाला होता! पुढे एका प्रदर्शनात ‘शिवकालीन’ अशा चिठ्ठीखाली मी त्याला ओळखले. लोक हात जोडीत होते.

मी आक्षेप घेतला, तेव्हा उत्तर मिळाले की, जुने दिसल्यावाचून मुलांच्या मनात वीरश्री कशी जागावी? या युक्तिवादाचा मला संताप येतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी गंजलेले शस्त्र नेले होते काय? गंज ही पराक्रमाची खूण नव्हे, हेळसांडीची आहे. त्या दिवसाच्या शस्त्राशी नाते सांगायचे, तर लोहाराच्या हातून नुकताच सुटलेला लखलखीत बिचवाच ते सांगू शकतो. तो आम्ही मातीत पुरला.

श्रद्धेचा प्रश्न आहे, असेही मला ऐकविण्यात आले. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्यास आली. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडची ही वस्तू. तिच्या पेटीवर, याच नखांनी महाराजांनी ‘मोगल’ सरदार मारला, अशा अर्थाचा इंग्रजी लेख आहे. अफजलखान आदिलशाहीचा, हे आमचे चौथीतले पोरही सांगेल! ही नखे तीच, हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. म्हणून काही त्यांच्या दारची गर्दी हटलेली नाही. परक्यांना परवडते तेवढा खरेपणा आम्हांला का परवडू नये?

खरा अन्याय लोहारावर झाला. सातपुड्याच्या या पट्ट्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते उमर्टीच्या गावठी पिस्तुलांसाठी. अशा मुलखात एका माणसाने उजळ माथ्याने, धार न लावता, एक देखणी प्रतिकृती केली. आणि आम्ही तिचा कर्ताच पुसून टाकला. प्रतिकृती करणे हा गुन्हा नाही. तिच्यावर घडविणाऱ्याचे नाव आणि साल नसणे, हा आहे. नाव असले म्हणजे ती कारागिरी. नसले म्हणजे लबाडी. मधली वाट मला दिसत नाही.

हे सारे मी लोहाराला सांगितले. भात्यावरचा हात न काढता तो म्हणाला, ‘नाव टाकसू ते लेणारा कोन शे, भाऊ?’

यंदा दुसरा बिचवा मी स्वतःच सांगितला आहे. पैसे आगाऊ दिले आहेत. मुठीच्या कडीवर, उघड्या जागी, त्याचे नाव आणि साल ठोकायचे, एवढीच अट. साल ठोकायला तो तयार आहे. नावाचे दिवाळीनंतर पाहू म्हणतो.