कादंबरीतील भावंडे

एखाद्या मुलाचे बालपण आणि त्याचे हळूहळू शहाणे होणे सांगणाऱ्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत. अशा कादंबरीच्या नायकाला कोणी घडविले, असे विचारले तर बहुतेक वाचक आईचे, वडिलांचे किंवा गुरुजींचे नाव घेतात. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. चांगले काय आणि वाईट काय, हे वडीलधारी माणसे सांगतात. परंतु ते मुलाच्या अंगी कितपत मुरले, याची कसोटी लागते ती भावंडांच्या सहवासात. मोठ्यांच्या धाकाने मूल नम्र होते. भावाबहिणींशी मात्र ते मनात जसे असेल तसेच वागते. म्हणून नायकाचा स्वभाव ओळखावयाचा असेल, तर त्याच्या भावंडांकडे पाहावे.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही आत्मकथनात्मक कादंबरी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. पुस्तकाच्या नावातच आई आहे. तरीही त्या आईची शिकवण फळाला आली, हे वाचकास कळते ते धाकट्या भावाच्या कोटावरून. दापोलीस शिकणाऱ्या श्यामला खाऊसाठी मिळणारे पैसे थोडेच असतात. ते खर्च न करता तो साठवितो, भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीच्या सणासाठी भर पावसात तो कोट घेऊन घरी जातो. पैसे कोठून आणले, असे आई आधी विचारते. मग तिचे डोळे भरून येतात. ‘भावावर प्रेम कर’ असे सांगणे आईच्या हाती होते. खाऊ न खाता पैसे राखून ठेवणे हे श्यामच्याच हाती होते. त्या दिवशी आईचा उपदेश श्यामचा स्वतःचा झाला.

भावंडांत प्रेम असते तसे भांडणही असते, आणि भांडणही माणसाला घडविते. लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची १८६८ साली निघालेली कादंबरी शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणली. तिच्यातील धाकटी एमी रागाच्या भरात ज्योने मेहनतीने लिहिलेली वही जाळून टाकते. ज्यो तिला क्षमा करीत नाही. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या नदीवर मध्यभागी बर्फ पातळ आहे हे ठाऊक असूनही ती एमीला सावध करीत नाही, आणि एमी बर्फ फुटून पाण्यात पडते. एमी वाचते, पण आपला राग किती भयंकर होऊ शकतो, हे ज्योला त्या दिवशी समजते. शंभर व्याख्याने ऐकूनही ते तिला इतके उमगले नसते.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या १९२९ सालच्या बंगाली कादंबरीत अपू व त्याची थोरली बहीण दुर्गा आहेत. वाशीम-हिंगोली मार्गावरील कनेरगाव नाक्याच्या मुलास आगगाडीचे नवल वाटत नाही. त्याच्या गावीच स्थानक आहे. दुर्गेला मात्र आगगाडी पाहण्याची केवढी हौस! ती पुरी न होताच ती तापाने मरण पावते. पुढे गाव सोडताना अपूला घरात एक सोन्याची डबी सापडते. जिच्या चोरीबद्दल दुर्गेला मार बसला होता, तीच ही डबी. अपू ती कोणालाही न दाखविता दूर फेकून देतो. त्याने खरे सांगावयास हवे होते काय? वाचकांनी याचा अवश्य विचार करावा. पण गेलेल्या बहिणीची अब्रू राखण्याचा भार त्या क्षणी तो एकट्याने उचलतो. कालपर्यंत ताईच्या मागे धावणारा अपू येथे मोठा झाला आहे.

ज्यास सख्खे भावंड नाही, त्याने मोठे कसे व्हावे, अशी शंका कोणी घेईल. चुलत-मावस भावंडे, शेजारची मुले, वर्गातील सोबती यांच्यातही हीच कसोटी लागते. शिवाय भावंडांवरील प्रेम घराच्या उंबरठ्याशी थांबले, तर ते अपुरेच म्हणावे लागेल. भावासाठी कोट नेणारा श्याम म्हणजे पुष्कळ अंशी साने गुरुजीच. त्याच साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे, म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. एका भावाला कोट देणाऱ्या हातांना पुढे अनेक भाऊ लाभले. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ हा शब्द आहे. त्याचा पहिला धडा मुले पुस्तकात वाचण्यापूर्वीच घरात, पाठच्या भावंडांबरोबर शिकत असतात.