लावणी करणारी शेतकरी कधी होणार?

शेतीचं शिक्षण घेते म्हटलं की आमच्या नेऱ्यात दोन प्रश्न येतात. एक, "बाईनं शेती काय शिकायची?" आणि दुसरा, "शिकून करणार कुठं? जमिनी तर चालल्या." हिंजवडी शेजारीच असल्यामुळे दुसरा प्रश्न अगदीच खोटा नाही. पण मला बोलायचं आहे ते पहिल्याबद्दल.

मुळशीचं पीक भात. आवण काढायचं, चिखलात वाकून लावायचं, बेणणी करायची, ही कामं मुख्यतः बायकांची. तरी 'शेतकरी' म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुषच येतो. बाई शेतात 'मदत करते'!

चारसूत्री भातशेतीचंच घ्या. भाताच्या तुसाची राख किंवा पेंढा जमिनीला परत द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटर अंतरानं लावणी करायची आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोचायची. यातली लावणी बाईच्या हातची. पण मेळाव्याला जातो घरधनी. दोरीनं काम सावकाश होतं म्हणून बाया कुरकुरतात, मग 'बायकांना नवं नको असतं' असा शिक्का बसतो. दोरी कशासाठी, हे त्यांना कुणी समजावलेलं असतं का?

म्हणून मुक्त विद्यापीठाचं मला मोल वाटतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं. भाजीपाला उत्पादन, फळबाग उत्पादन अशा पदविका त्यानं मराठीतून आणल्या. घर सांभाळून पुस्तक वाचता येतं. मीही भाजीपाला उत्पादन अशीच शिकले. रोपवाटिका, खतांच्या मात्रा, कीड ओळखणं, सगळं समजलं. अडलं ते प्रात्यक्षिकाला. दोन गुंठ्यांत वांगी लावायची तर सासऱ्यांची परवानगी, ठिबकच्या अनुदानाला सातबारा, आणि सातबाऱ्यावर माझं नाव नाही.

ही एकट्या माझी गोष्ट नाही. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीखातेदारांमध्ये बायका होत्या साधारण 14 टक्के. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं शेतमजूर आणि कुळांनाही 'शेतकरी' म्हटलं, पण तलाठ्याच्या दप्तरात ते धोरण पोचत नाही. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्रानं 1994 मध्ये केली, केंद्रानं 2005 मध्ये. आणि गुंठ्याचा भाव चढला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. सही केली नाही तर माहेर तुटतं.

ज्ञान दिलं आणि जमीन दिली नाही, तर शिकलेली बाई बिनपगारी मजूरच राहते, फक्त जास्त हुशार मजूर.

तेव्हा मागणं साधं आहे. प्रात्यक्षिकं गावात व्हावीत, लावणी-कापणीचे दिवस सोडून, आणि बायकांना सवड असेल त्या वेळी. सातबारा नसलेल्या विद्यार्थिनींना ग्रामपंचायतीनं किंवा शाळेनं सरावाला तुकडा द्यावा. अनुदानासाठी कसणारीचा दाखला चालावा. आणि घरोघरी नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचं नाव लागावं.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे शेतकरी महिलांचं वर्ष ठरवलं. वर्षं साजरी होतात आणि सरतात. मैत्रिणींनो, आपल्या घरचा सातबारा एकदा काढून वाचा. हक्कसोडपत्र समोर आलं तर सही करण्याआधी चार बायकांशी बोला. आणि शेतीचा वर्ग निघाला की घरधन्याला पाठवू नका, स्वतः जा.