उत्सुकता लपवू नका, कारण लिहा

इंग्रजीत अर्ज करताना फार उत्सुकता दाखवू नये, माणूस गरजू दिसतो. साहेबाला मान द्यावा, सर्टिफिकेटं जोडावीत आणि उत्तराची वाट पाहावी, असा सल्ला बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी मिळतो. स्टेशनजवळच्या क्लासात नेमकं उलट सांगतात: ‘हायली पॅशनेट’, ‘ड्रीम कंपनी’ असे शब्द पेरा, छाप पडते. मला हे दोन्ही सल्ले अमान्य आहेत.

पहिल्याचं मूळ समजण्यासारखं आहे. आपल्याकडे इंग्रजी रुजली ती बरीचशी कचेऱ्यांतून. ‘आय बेग टू स्टेट’ने अर्ज सुरू करणाऱ्या कारकुनांच्या पिढ्या सरल्या, पाठीचा बाक मात्र उरला. पण काय हवं ते न सांगणारं पत्र वाचणाऱ्यावर अंदाज बांधायचं ओझं टाकतं. त्यात कसली आली अदब? आणि क्लासातली विशेषणं कुणालाही पाठवता येतात. कंपनीचं नाव बदललं की अंधेरीचा अर्ज मालाडलाही चालतो. जो अर्ज सगळ्यांना चालतो, त्यात ओढ कुणाचीच नसते.

कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी इंग्रजीत पत्र लिहिलं. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवं आहे, हे कारण त्यांनी दिलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले, हा निर्धाराचा पुरावा दिला. स्वतःसाठी काही नको, पण या कामाला लायक होण्यासाठी लागेल ते सारं नम्रपणे मागते, असं लिहिलं. प्रवेश मिळाला, १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. एवढा विनय आणि एवढा आग्रह एकाच पत्रात सुखाने नांदतात.

असामान्य स्त्रीचा दाखला रोजच्या अर्जाला कसा लावता, असं कुणी विचारेल. लावता येतो, कारण रीत साधी आहे. समजा, मुलुंडची सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुलगी मरोळच्या एका प्रयोगशाळेला लिहिते आहे. तिने इंग्रजीत एवढंच लिहावं: ‘तुमच्याकडे पिण्याच्या पाण्याची तपासणी होते. कॉलेजच्या प्रकल्पात मी सोसायट्यांच्या टाक्यांतल्या पाण्यात कोलिफॉर्म जिवाणू शोधले. तेच काम मला पुढे करायचं आहे. तुमच्याकडची मोठी यंत्रं मी हाताळलेली नाहीत, पण शिकायची तयारी आहे. भेटीसाठी दहा मिनिटं दिलीत तर आभारी होईन.’

पाच वाक्यं, दहावीच्या व्याकरणात बसणारी. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी यापुढे बिचकायचं कारण नाही. इतकी उत्सुकता दाखवली की पगार कमी मिळतो, हीही भीती पोकळ आहे. आपलं काम नेमकं सांगणाऱ्याची किंमत घटत नाही. मनापासूनच्या इच्छेला कारण असतंच. ते कारण लिहावं, मागणी स्पष्ट करावी आणि होय की नाही हे समोरच्यावर सोडावं. समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक ठेवणं, एवढीच खरी अदब; तिच्यासाठी इच्छा आवरती घ्यावी लागत नाही.