खडू एक, हात दोन

बालमित्रांनो, आज आधी एक खेळ. फळ्यावर २० हा आकडा लिहा. सुमितने त्यात ५ मिळवायचे, रेखाने ३. नियम एवढाच, की फळ्यावरचा आकडा पाहायचा, बाकावर येऊन वहीत बेरीज करायची आणि मग फळ्यावरचा आकडा पुसून आपलं उत्तर लिहायचं. शेवटी किती होतील? २८ म्हणालात ना? एकापाठोपाठ एक गेले तर २८च. पण दोघांनी एकदमच २० पाहिले तर? सुमित लिहून आला २५, मागून रेखाने ते पुसून लिहिले २३. सुमितचे ५ गेले कुठे? बेरीज तर दोघांचीही बरोबर!

संगणकाच्या पोटात अस्संच होऊ शकतं. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा मोठा कारभारी असतो. तो एका वेळी ढीगभर कामं हाकतो. त्यातल्या दोन कामांनी एकाच आकड्याला हात घातला, की उत्तर काय येणार ते कोण आधी पोचलं यावर ठरतं. याला म्हणतात 'रेस कंडिशन'. रेस म्हणजे शर्यत.

आता गंमत पाहा. प्रोग्रॅम लिहिणारे लोक त्याची परीक्षाही घेतात, अगदी प्रत्येक बदलानंतर. पण शर्यत लपलेली असली, की तोच प्रोग्रॅम, तीच प्रश्नपत्रिका, तरी नव्व्याण्णव वेळा पास आणि शंभराव्या वेळी नापास! अशा लहरी परीक्षेचं काय करायचं? "पुन्हा घ्या, होईल पास," असं म्हणून पुढे जाण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

ते किती महागात पडू शकतं? १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ओहायो राज्यात विजेच्या तारा झाडांना टेकल्या होत्या. खरं तर नियंत्रण कक्षात धोक्याची घंटा वाजायला हवी होती. पण घंटेच्या प्रोग्रॅममध्ये दोन कामांनी एकाच माहितीवर एकदम लिहिलं होतं. प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहिला, घंटा गप्प. बसलेल्या माणसांना वाटलं, सगळं ठीक आहे! (कारणं आणखीही होती, पण हे एक मोठं.) ही चूक शोधायला तज्ज्ञांना कित्येक आठवडे लागले. सापडली कशी? त्यांनी यंत्रणा मुद्दाम हळू चालवली, तेव्हा कुठे ती दोन कामं एकमेकांवर आदळली.

हीच युक्ती लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २०२० पासून 'केसीसॅन' नावाचा पहारेकरी वापरतो. तो एखाद्या कामाला मध्येच ८० मायक्रोसेकंद थांबवतो (एका सेकंदात असे १० लाख असतात बरं!) आणि तेवढ्यात दुसरं कुणी त्याच आकड्याला हात लावतंय का, ते बघतो. लावला, की चोर सापडला.

कधीकधी घाई परीक्षेचीच असते. "काम सुरू कर, एक सेकंद थांब, मग तपास," असं तिच्यात लिहिलेलं असतं. संगणक कामात बुडालेला असला, की एक सेकंद पुरत नाही. मग काही जण एकाचे पाच सेकंद करतात. मला विचाराल तर हे म्हणजे दुखण्यावर नुसती पट्टी. रिले शर्यतीत तुम्ही पाच अंक मोजून पळता, की काठी हातात आल्यावर? तसंच इथेही. पहिलं काम "झालं" म्हणेल, तेव्हाच तपासायला जायचं.

आणि फळ्याचं काय? तिथे खडू एकच ठेवा. खडू ज्याच्या हातात, त्यानेच फळा पाहायचा आणि उत्तर लिहून झाल्यावरच खडू खाली ठेवायचा. प्रोग्रॅमवाले याला 'लॉक' म्हणतात, म्हणजे आपलं कुलूप. करून पाहा, दर वेळी २८च येतील.

आता एक कोडं. खडू एक आणि डस्टर एक. लिहायला दोन्ही हवेत. सुमितने खडू उचलला, रेखाने डस्टर. दोघंही हट्टी, हातातलं काही सोडत नाहीत. मग आकडा कोण लिहील? आई-बाबांनाही विचारा, आणि असा कोणता नियम केला तर दोघंही अडकणार नाहीत, ते शोधा.